एका कडेची खळ

आमच्या शेजारचे चंपतराव सरकारी कचेरीत कायदे चिकटवत. हसू नका, कामच ते होतं. कौन्सिलात एखादं कलम बदललं की छापखान्यातून नव्या कलमाच्या चिठ्ठ्या येत. त्या सगळ्या प्रतींत जुन्या कलमावर लावायच्या, मग साहेब तपासून कोपऱ्यात सही करत.

चंपतराव खळ घरूनच नेत, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. पण लावत एकाच कडेला.

मार्तंडसाहेब पुण्याचे. नाकातून म्हणत, "अहो चंपतराव, ही चिठ्ठी आहे की पतंग?"

"साहेब, खाली काय होतं ते पाहाले नको का?"

"रद्द झालेलं कशाला पाहायचं?"

अडतीस साली हुकूम आला. प्रांताचे सगळे कायदे एका स्वच्छ पुस्तकात आणायचे, मेलेले काढून टाकायचे. साहेबांनी बजावलं, "सोमवारी प्रत छापखान्यात जाणार. चिठ्ठ्या पूर्ण चिकटवा!" चंपतरावांच्या पेन्शनीला चार महिने उरले होते.

ते चिकटवू लागले, पण प्रत्येक चिठ्ठी शेवटची एकदा उचलून खालचं वाचून घेत. अशीच एक उचलली. वर नावेनं नदी उतरण्याच्या कायद्याचं कलम नऊ, आणि खाली मासेमारीचं कलम नऊ! दोन्ही कायदे एकाच बांधणीत, पाठोपाठ. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच चिठ्ठी भलत्या कायद्यावर लावली होती, अकराच्या अकरा प्रतींत.

रात्री घरी जेवताना बायकोला, शामलाकाकूंना, सांगितलं. काकूंचा घास हातातच राहिला.

"चुपचाप चिकटवून टाका नं! कोण पाहून राहिलं?"

"हेच तं. मंग कोणीच पाहणार नाही वं. छापून आलं की मासेमारीचं कलम गेलंच."

"अन् पेन्शन गेली तं?"

चंपतरावांनी वरणभात संपवला आणि ते हात धुवायला उठले.

सकाळी पुस्तक घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी चिठ्ठी उचलली, टाकली, परत उचलली. चेहरा लाल.

"सहा वर्षं! अहो, हे तपासलं कोणी?"

चंपतराव छताकडे पाहत अगदी अदबीनं म्हणाले, "कोपऱ्यात सही आपलीच दिसून राहिली, साहेब."

पंखा ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला म्हणे.

साहेबांनी चष्मा पुसला. "अजून किती चिठ्ठ्या उचलायच्या राहिल्यात?"

"दोनशेक असतील."

"खळ बाजूला ठेवा. बसा."

दोघं शनिवार-रविवार चिठ्ठ्या उचलत बसले. आणखी दोन चुका सापडल्या. सोमवारी नाव नावेच्या जागी गेली, मासे माशांच्या. चार महिन्यांनी चंपतरावांना पेन्शनही मिळाली.

निघायच्या दिवशी त्यांनी खळीचा डबा नव्या कारकुनाकडे दिला. त्यानं कुंचला पूर्ण बुडवला, तशी आतून नाकातली हाक आली, "अहो, एकाच कडेला!"