साडभावाचा उन्हाळी तास

दोन हजार बावीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली अकोल्याच्या आमच्या साडभावानं सूर्याला एक तास मागे टाकलं. आजवर हे कोणाला जमलं नव्हतं, पण तो काही लहानसहान माणूस नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगानं काडी, पण नुसता खाकरला तरी शेजारच्या घरातलं पाळण्यातलं लेकरू उठून बसावं. एका जिनिंग फॅक्टरीत सव्वीस वर्षं त्यानं भोंगा वाजवला. त्याच्या भोंग्यावर लोक उठत, डबे भरत, घड्याळं लावत. पुढं फॅक्टरी बंद पडली, भोंगा भंगारात गेला. मात्र टाइम ही आपल्या हातातली वस्तू आहे, हे त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही.

त्याच्या पुतण्याचा परदेशातून फोन आला, तिथून हे सुरू झालं. तिकडं म्हणे उन्हाळा लागला की अख्खा देश घड्याळाचा काटा तासभर पुढं करतो आणि हिवाळ्यात परत मागं आणतो. उजेड वाया जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. ज्या स्टुलावर चढून गुढी बांधली, तेच स्टूल त्यानं घरात आणलं आणि भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढं केलं. "आता दसऱ्याले मागं आणू," असं घरच्यांना सांगितलं आणि आठ वाजता नऊचा चहा मागितला.

तेव्हापासून त्या घरात दोन टाइम झाले, एक त्याचा आणि एक सरकारी. नळ सरकारी टाइमानं येई, शेळीही सरकारी टाइमानंच ओरडे. शेळीला त्यानं आठ दिवस समजावून पाहिलं, मग नाद सोडला. सातची मालिका त्याच्या घड्याळात आठला लागे, आणि तो रोज टीव्हीकडं पाहून म्हणे, "आजही तासभर लेट. यांले कोणी विचारणारं नाई." पातूरला एका लग्नाला हा तासभर आधी पोचला. मांडवात आचाऱ्यांशिवाय कोणी नव्हतं. त्यांच्यात बसून यानं गरम बुंदी खाल्ली आणि वर पाहुण्यांना सांगितलं की पहिली पंगत उठली. नांदगाव पेठेला एक म्हातारा वारला, तर मयत निघायच्या आधी हा स्मशानात जाऊन बसलेला. लोक आले तेव्हा यानं उठून त्यांचं स्वागत केलं.

आता मी चौथी शिकलेला माणूस, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आहे. अमरावतीत माझ्या हातच्या भिंती आजही उभ्या आहेत, एकीनंही पोट काढलेलं नाही. मला असल्या गोष्टी खपत नाहीत. दर उन्हाळ्यात त्याच्या घरी जायचं आणि भांडायचं, असा माझा नेमच झाला. मी म्हणायचो, "साडभाऊ, ते लोक ऊन भेटावं म्हणून काटा फिरवतात. अकोल्यात ऊन कोणाले पायजे? इथं तर ऊन वाटून द्याची पाळी आली."

"म्हणून तं," तो म्हणे. "तासभर आधी उठा, तासभर आधी काम उरका, ऊन चढलं की कुलरपुढं झोपा. फायदाच फायदा."

"मंग तासभर आधी उठा ना बाप्पा. घड्याळ कावून हलवता?"

"घड्याळ हलवल्याबिगर माणूस हलत नाई. पाच वाजता उठ म्हटलं तं शिव्या देते. पाचचे सहा करून ठेवले तं मुकाट्यानं उठते."

मग मी खिशातला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायचं दोरीचं वजन, काढून दाखवायचो. काम सुटलं तरी तो माझ्या खिशात असतो. "हे पाहा," म्हणायचो, "हा उन्हाळ्यात वाकडा लोंबते काय? याले वाकडं केलं तं भिंत पडन." तो ओळंब्याकडं पाही, माझ्याकडं पाही आणि म्हणे, "भिंत पडन साडभाऊ, पण भिंतीले ऊन लागत नाई, माणसाले लागते."

असे तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, माझ्या साळीच्या, म्हणजे साडभावाच्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं दर चार तासांनी थेंब टाकायला सांगितले. सून मोबाईल पाहून थेंब टाकी, हा भिंतीवरचं घड्याळ पाहून. त्यामुळं बाईच्या डोळ्यात तासाभराच्या अंतरानं दोन-दोनदा थेंब पडू लागले. डोळा लाल झाला, डॉक्टर रागावला. मग माझ्या साळीनं जाहीर केलं, "आता या घरात एकच टाइम राहीन. कोणता, ते मोठे भाऊजी येऊन सांगतीन. ते म्हंतीन ते दोघांनी आयकायचं." आणि आम्हा नवरा-बायकोला अकोल्याला बोलावून घेतलं.

आम्ही गेलो. ती काळा चष्मा लावून बसलेली. बाजूला सून, समोर साडभाऊ, इस्त्रीचा सदरा घालून, कोर्टात आल्यासारखा. मी त्याला म्हटलं, तुमची बाजू मांडा. तीन वर्षं तोंडाला तोंड देणारा माणूस एवढंच बोलला, "तिचा डोळा हाय. तुमी म्हणान तसं." मी निकाल दिला. घड्याळ सरकारी टाइमावर. खरं सांगतो, त्या घटकेला मला फार बरं वाटलं. माझा ओळंबा जिंकला होता.

तो उठला, स्टूल आणलं. सून धरायला गेली तर तिला बाजूला केलं. बारा वाजले होते, त्याचे अकरा केले. उतरून म्हणाला, "घ्या. पाडव्याले ठेवलेला तास परत आला. काय करता याचं?"

जेवण बाराला ठरलेलं, आणि आता अकराच वाजले होते. आम्ही पाचजण कुलरपुढं नुसते बसून राहिलो. त्या फुकटच्या तासात तो पहिल्यांदा आपल्या भोंग्याबद्दल बोलला. "सातचा भोंगा मी कधी सातले नाई वाजवला. सात वाजून सहा मिनटांनी."

"कावून?" मी विचारलं.

"नदीपल्याडच्या बाया पायी येत. भोंगा वाजला की फाटक बंद, अन् बाहेर राहिली तिचा खाडा. सहा मिनटं दिली तं साऱ्या आत."

"अन् मालकाले समजलं नाई?"

"कसं समजन? मालकाच्या हातातलं घड्याळ माह्याच भोंग्यावर लावेल होतं."

माझी साळी काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "मले हे आज सांगून राहिले. इतके वर्षं झाले लग्नाले."

मी खिशातला ओळंबा आणखी खाली ढकलला. कारण त्या काळी अकोल्याला मुक्कामी आलो की मीही माझं घड्याळ त्याच्याच भोंग्यावर लावायचो. परतीची एसटी दोनदा चुकली होती माझी. दोन्ही वेळा मी एसटीला शिव्या दिल्या होत्या. म्हणजे चांगली सहा मिनिटं वाकडा ओळंबा घेऊन मी अकोल्यात ताठ मानेनं हिंडलो, आणि एकही भिंत पडली नाही. उलट कितीतरी बायांचा खाडा वाचला.

जेवलो, संध्याकाळी निघालो. तो स्टँडवर सोडायला आला, गाडीच्या बरोबर वेळेवर. चार वर्षांत पहिल्यांदा आम्हाला तासभर थांबावं लागलं नाही, आणि त्यामुळं गप्पाही झाल्या नाहीत. गाडी सुटताना त्यानं हात वर केला तेव्हा तो मला चारचौघांसारखाच माणूस वाटला. फार वाईट वाटलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, स्टूल ओढलं आणि आमच्या अमरावतीच्या घरातलं घड्याळ तासभर पुढं केलं. बायको दारातून पाहत होती. "काय करून राहिले?" म्हणाली. मी म्हटलं, आपल्या घरात कोणाच्या डोळ्यात थेंब टाकायचे नाहीत. मग साडभावाला फोन लावला आणि सांगितलं, "सात वाजले. उठा."

पलीकडून भोंग्यासारखं एकदा खाकरणं आणि, "तुमचं घड्याळ दोन मिनटं मागं हाय, साडभाऊ."

म्हणजे एक घड्याळ त्यानं कुठंतरी उशाखाली पुढं ठेवलेलंच होतं. मी फोन ठेवला, पुन्हा स्टुलावर चढलो आणि काटा दोन मिनिटं आणखी सरकवला.