डबी खाली आहे

आता हे सांगू की नको, असं झालंय मला. पण तुम्ही कुठून ना कुठून ऐकणारच. झाशीत आम्ही मराठी माणसं ती किती! एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा गार करू नका.

मी निवृत्त हेडक्लार्क, आणि आमच्या मंडळात मराठीचा स्वयंघोषित कोतवाल. कुणी 'मी खाना खाल्ला' म्हणालं की तिथल्या तिथे धरतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! पोरंटोरं मला लांबून पाहून गल्ली बदलतात.

यंदाच्या मेळाव्यात माझं भाषण होतं, 'घरची मराठी घरातून जाऊ देऊ नका'. नुसतं भाषण नाही हो! लॅपटॉपवर स्लाइड्स, भिंतीवर प्रोजेक्टर आणि सातव्या स्लाइडवर आक्काचा व्हिडिओ.

आक्का म्हणजे माझी आत्या, वय शहाऐंशी. फडताळ, तसराळं, गडू हे शब्द आमच्याकडे आता तिच्याच तोंडी उरलेत. तिला बोलतं करून मी ते मोबाइलवर घेतलं होतं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ती कायमची लेकीकडे इंदूरला निघाली होती, तेव्हा दाखवायचा तर आजच. "एकदा मला पडद्यावर बघायचंय रे," एवढंच म्हणाली होती बिचारी. माणिक चौकाजवळच्या त्या धर्मशाळेचा जिना गुडघे धरत चढली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली.

मला सकाळपासून धाकधूक. दोनदा चहा सांडला, एकदा चपला उलट्या घातल्या.

सहा स्लाइड्स झकास गेल्या. सातवी आली. मी ऐटीत म्हणालो, "आता आक्का बोलेल!" आणि बटण दाबलं.

काळा चौकोन!

पुन्हा दाबलं. पुन्हा काळा चौकोन.

आक्काने डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं. "ही मी?"

हसू नका. मी तेव्हा तिसऱ्यांदा बटण दाबत होतो.

प्रोजेक्टर भाड्याने देणारे तिवारीजी धावत आले. वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा काळा चौकोन. "भाईसाब, हमाए प्रोजेक्टर में कछू गड़बड़ नइयां," त्यांनी आधी स्वतःचे हात झटकले.

"फिर गड़बड़ किधर है तिवारीजी?"

"आपकी स्लाइड में वीडियो नइयां, वीडियो को पता भर लिखो है। और जा पते पे फोल्डर खाली है।"

"खाली है?"

"हओ, बिलकुल खाली।"

झालं होतं असं की, स्लाइड्स मी घरच्या कॉम्प्युटरवर केल्या आणि मेव्हण्याच्या लॅपटॉपवर तेवढीच एक फाइल आणली. व्हिडिओ घरीच राहिला. पाकीट आणलं, चिठ्ठी घरी!

पण मी काही कच्चा गडी नाही. व्हिडिओची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, तो पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून, सकाळीच बायकोच्या हवाली केला होता. सुनंदा होती धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात, वड्यांच्या घाण्यावर. मी फोन लावला. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात माइक, आणि घाबरलेल्या माणसाला काय कळतंय? माइक मी फोनलाच चिकटवून धरला होता. सगळा हॉल ऐकत होता.

"अगं, डबी कुठाय?"

पलीकडे कढईचा चर्र आवाज. "डबी खाली आहे!"

"खाली? अगं खाली कशी? सकाळी मी स्वतः भरून दिली!"

"कशी म्हणजे? खाली आहे! खाली!"

"आत्ता सांगतेस हे?"

"अहो, तुम्ही आत्ता विचारताय!"

संतापून मी फोन ठेवला. मला वाटलं, पेनड्राइव्ह रस्त्यात कुठेतरी पडला. आता घरच्या कॉम्प्युटरवरूनच व्हिडिओ आणायला हवा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "काका, खाली आहे!" मग दुसरं, मग तिसरं. पन्नास माणसं एका सुरात, "खाली! खाली!"

"ऐकलं मी! बहिरा नाही!" मी ओरडलो. "आक्का, पाच मिनिटं दम धर!"

आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्यांच्या उड्या मारत उतरलो. वर टाळ्या पडल्या. मला वाटलं, माझ्या चपळाईला!

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. बेसनाचा हात वर करून काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, "आता कारणं नकोत!" स्कूटरला किक मारली आणि सुटलो.

माणिक चौकात ही गर्दी! एक हातगाडी आडवी, तिच्यापुढे ई-रिक्षा, तिच्यापुढे गाय. "भैया, साइड दो!" "दद्दा, गाय से कहो!" माझ्या डोळ्यांपुढे आक्का, त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसलेली. सुनंदाला फोन करावा म्हणून खिसा चाचपला. फोन हॉलमध्ये, लॅपटॉपशेजारी! लक्ष्मी तालाजवळच्या आमच्या घरी पोचेस्तोवर सदरा पाठीला चिकटला होता.

दाराला कुलूप होतं. आणि किल्ली? सुनंदाच्या कमरेला!

खरं सांगतो, पायरीवर बसून मला रडू आलं. शहाऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यात एक गोष्ट मागितली, आणि मी तिला काळा चौकोन दाखवून पळालो होतो.

तसाच रिकाम्या हातांनी परत आलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आक्काचा आवाज आला, चांगला खणखणीत. "फडताळ म्हणजे अलमारी नव्हे रे बाबांनो!" पाठोपाठ हशा आणि टाळ्या. धापा टाकत वर पोचलो, तर भिंतीवर आठवी स्लाइड आलेली. व्हिडिओ संपला होता. दोनदा लावला म्हणे! समोर आक्का लाजून पदराने तोंड पुसत होती आणि पोरं तिला घेरून 'तसराळं म्हणजे काय' विचारत होती.

लॅपटॉपशेजारी सुनंदा, हातात डबी. उघडी.

"कुठे गेला होतात हो?" ती म्हणाली. "डबी खाली आहे म्हणून सांगितलं, माझ्याजवळ, खाली! तर माझ्याच समोरून स्कूटर काढून गेलात!"

"तू... तू खाली म्हणालीस ना? मला वाटलं, रिकामी!"

पन्नास जण माझ्याकडे बघताहेत, आणि माझ्या डोक्यामागे भिंतीवर माझीच ठळक अक्षरं, 'हिंदीच्या गोंगाटात आपले कान मराठी ठेवा'.

मग जो हशा उठला! तिवारीजींना कुणीतरी समजावून सांगितलं, तर ते खुर्ची धरून हसू लागले. ज्या पोराला मी 'खाना खाल्ला'वरून पंगतीत झापलं होतं, तो उठून म्हणाला, "काका, पाणी पिऊन घ्या. मराठीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून आक्कापुढे उभा राहिलो. "आक्का, चुकलं गं माझं. तुझा व्हिडिओ मीच नाही पाहिला."

आक्काने माझी हनुवटी धरली.

"मान कशाला खाली घालतोस? वर कर ती," आक्का म्हणाली. "खाली आहे ते डोकं!"

हे 'खाली' मात्र मला एका दमात कळलं.