खाटेवरची ओटी

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. महिन्यातून पाच दिवस घ्यायच्या. चौथ्या खेपेला दिवस राहिले. पुढे एकदा त्यांनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन आहेत. या गोळ्यांनी कधी कधी जुळं राहतं. जुळं वेळेआधी येतं. सातव्यात आलं तर वाचवणं माझ्या हाती नाही. पडून राहा. बैलगाडीचे हादरे तर नकोतच."

आमच्या घरात दिवसा कोणी बाई आडवी होत नसे. सासूबाई खाटेशी येऊन म्हणायच्या, "म्या कळा येईपर्यंत कापूस वेचला. तुह्यं पोट काय काचचं हाये वं?"

त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हाही उघडलं नाही. पण उठलेही नाही.

सातवा लागला. आमच्याकडे सातव्याची ओटी माहेरी, पाटावर बसवून भरतात. अल्लीपूरहून माझी आई बैलगाडी घेऊन मला न्यायला आली. सासूबाईंनी माझं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं.

"चाल, उठ. ईनबाई उभ्या हायेत."

"आत्याबाई, मी नाई जात," मी सासूबाईंना म्हणाले.

"काय म्हनलं?"

"मी गाडीत बसत नाई. खाटेवरून उठतबी नाई."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. दारात उभे असलेले आमचे हे खाली पाहू लागले. सासूबाई म्हणाल्या, "हे बोलनंबी गोळ्यांनंच शिकवलं का?"

आई बाहेर गेली आणि गाडीतून ओटीची टोपली घेऊन आली.

"लेटून ओटी भरता का, ईनबाई? अशुभ राह्यते ते."

"बसली अन् लेकरं गेली, तं ते शुभ हाये का?" मीच बोलले.

आईनं माझा पदर पोटावर पसरला आणि तांदूळ ओतले. अर्धे घरंगळून खाटेखाली गेले. उरलेले एकदम हलले, कारण आत लाथा सुरू झाल्या होत्या.

"पाह्य, आताच वाटणी करून राह्यले," आई म्हणाली.

दोघी आल्या त्या नववा लागल्यावर, वर्ध्याच्या दवाखान्यात. मुठीएवढी तोंडं. घरच्या कापसात गुंडाळून ठेवलं त्यांना. पडून राहिल्यानं थांबल्या की आपल्याच हिमतीनं, ते मला सांगता येणार नाही. मला जेवढं करता येत होतं तेवढं मी केलं.

सासूबाई पाहायला आल्या. "येवढं पडून राहून दोन पोरीच?"

मी दोघींना दोन्हीकडे घेतलं. एरवी त्या समोर आल्या की मी डोक्यावरचा पदर पुढे ओढायची; या वेळी ओढला नाही.

"हो, आत्याबाई. दोन पोरी. अन् दोघीबी जित्या हायेत."