लाल खूण घालवणारा

त्याचं नाव मी विचारलं नाही, विचारावंसंही वाटलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षा बंद असल्याची लाल खूण आठवडाभर दिसत होती, म्हणून भवानी पेठेतल्या एका दुकानातून त्याला बोलावलं होतं. साहेब चपलांसकट आत आले, खुर्चीवर मांडी घालून बसले आणि समोर येईल ती सूचना न वाचताच बंद करत सुटले. जुन्या प्रिंटरच्या फाइलमुळे सुरक्षा चालू होत नाही, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं जांभई दिली.

दहा मिनिटांत त्यानं हात झटकले. "बघा, गेलं की लाल!"

"म्हणजे सुरक्षा चालू झाली?"

"ती कशाला? सूचनाच बंद केली. दिसलंच न्हाय तर तरास कसला?"

थर्मामीटर फोडून ताप उतरवणारा हा डॉक्टर वर चहाही पिऊन उठला, बशीत ओतून, फुर्रफुर्र आवाज करत.

त्याला सोडायला मी खाली गेलो. त्यानं स्कूटर सुरू केली, ती साइड स्टँड न उचलताच.

"अहो, स्टँड! स्टँड खाली असला की गाडी वाजत नाही का तुमची?"

त्यानं टाचेनं स्टँड वर मारला. "लई बोंबलायची. वायरच काढून टाकली."

असल्या माणसाचे हातपाय शाबूत कसे राहतात, असं पुटपुटत मी वर आलो. पडदा स्वच्छ होता, शांत होता. आठवडाभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं, आणि मी निवांत बसून बँकेचा पासवर्ड टाकला.