जगदेवचा गिअर आणि धुरपताबाईचा देव

रिठदच्या जगदेवला लोखंडाचं वेड लागलं ते सरकारी ट्रॅक्टर शिरपूरकडच्या रानात हराळी उपसायला आले तेव्हा. तेव्हा तो लोकांची गुरं वळायचा. नांगराखालून उंबऱ्याएवढी ढेकळं उलथताना पाहिली आणि हा गडी तोंड उघडं टाकून उभाच राहिला. गुरं गेली कोणाच्या तुरीत. मार खाल्ला, भल्ला मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच हजर!

पुढं तो गावातल्या शेषरावांकडे सालदार लागला. सालदारकी म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं बाप्पा. पाडव्याला साल ठरलं की बारा महिने तुमचे हातपाय दुसऱ्याचे. शेषराव माणूस तसा वाईट नव्हता, उगाच का खोटं बोला. सरकारनं रानातले ते ट्रॅक्टर लिलावात काढले तेव्हा त्यांनी एक घेतला आणि जगदेवला त्यावर बसवलं. ट्रॅक्टर जुना झाला, शेषरावांनी नवा आणला, आणि जुना पडत्या भावात जगदेवलाच दिला. तेव्हापासून जगदेव लोकांची नांगरटी भाड्यानं करू लागला. त्याच्या घराण्यात आजवर स्वतःचा मालक कोणी नव्हतं; तो झाला.

आणि चौऱ्याहत्तर साली, होळीच्या आधी, भर नांगरटीत त्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या गिअरच्या चाकाचे दात झडले. बसा आता!

परदेशातून आलेलं ते जुनं यंत्र. तसली यंत्रं देशात येणं कधीचंच बंद झालेलं. जगदेवनं फुटकं चाक कापडी पिशवीत घातलं आणि अकोला पाहिलं, नांदेड पाहिलं, नागपूरचा भंगारबाजार उलथापालथा केला. दुकानदार चाक हातात घेत, उलटंसुलटं करत आणि परत देत. एक जण तर म्हणाला, "भाऊ, ये चीज अब कहाँ मिलेगी, घर पे टांग दो." बसमधला कंडक्टरही त्या जड पिशवीला ओळखू लागला. लेकरू घेऊन फिरावं तसा जगदेव ते चाक मांडीवर घेऊन बसायचा.

शेवटी शेषरावांनीच त्याला हाक मारली. "जगदेव, पाडवा आला. टॅक्टर उभाच राह्यला तं ये माह्याकडे. तुयी जागा अजून कोनाले देल्ली नाही." चांगल्या मनानंच म्हणाले ते. पण जगदेव घरी आला तो न जेवता पडून राहिला.

अशात एका शनिवारी शिरपूरच्या फाट्यावर त्याची बस हुकली. तो निंबाच्या सावलीत टेकला. निंबाला लागून एक मातीदगडाचा ओटा होता आणि ओट्यावर, खोडाला टेकवून, ताटाएवढा गोल देव. शेंदूर थापून थापून नुसता जाडजूड झालेला. आसपासची माणसं त्याला चाकोबा म्हणत. लेकरू रात्री दचकलं, गाय दूध देईनाशी झाली, की चाकोबाला नारळ. धुरपताबाई नावाची एक बुढी त्याच्यावर जवसाचं तेल ओतत होती. दर शनिवारी ओतायची; तिच्याशिवाय त्या देवाचं करणारं कोणी नव्हतं.

जगदेवचं घर छप्पन सालापासून बौद्ध. घरातले देव बापानं नदीत सोडले होते, त्यामुळे त्याला चाकोबाचं काही अप्रूप नव्हतं. पण उन्हानं देवाच्या कडेचा शेंदूर जरासा उकलला होता, आणि आतून एक काळा दात बाहेर डोकावत होता. लोखंडाचा दात! जगदेव सरकत ओट्याजवळ गेला.

"मावशी, हा देव कुठं सापडला?"

"सापडला काहून म्हनतं? निंघाला म्हन. माहा मानूस नांगरत होता, तं फाळाले लागला. ते सरकारी टॅक्टर गेले ना, त्याच्या दुसऱ्या वर्सी. काळा कुळकुळीत, तेलात न्हालेला. काय रूप होतं बाप्पा त्याचं!"

तेल कसलं, ग्रीस होतं ते. कोऱ्या चाकाला थापून पाठवतात ते. सरकारी माणसांच्या सामानातून पडलं असणार, मातीखाली गेलं असणार; आणि जगदेवचा ट्रॅक्टर त्यांच्यातलाच. जगदेवला हे सगळं लख्ख कळलं आणि त्यानं नको तेव्हा तोंड उघडलं.

"मावशी, राग नको धरू. हे टॅक्टरचं चाक होय. माह्या टॅक्टरचं असंच फुटलं, तेच हुडकत हिंडतो."

"तुया जिभेले काही हाड?" बुढी उसळली. "कोनाचा रे तू?"

जगदेवनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. "आमी बौद्ध," तेही सांगितलं.

"मंग तुले काय कयते देवातलं! ऊठ इथून, ऊठ!"

तो उठला. घरी येऊन शेजारच्या उकंडरावला सगळं सांगितलं. उकंडराव म्हणजे घरी बसून दुसऱ्याला अक्कल शिकवणारा इसम. तो म्हणाला, "अबे, आमाले भेव वाट्टे ते ठीक. तू तं देव मानतच नाही. जाय अन् आन उचलून. तुले कायचं भेव?"

"देवाले नाही मानत, उकंडराव. पन त्या बुढीनं इतके वर्सं तेल घातलं, ते कसं चोरू?"

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी तो पुन्हा फाट्यावर उतरला. ओट्यापासून लांबच बसला, पिशवीतलं फुटकं चाक काढून समोर ठेवून. बुढीनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, तेल ओतलं, शेंदूर लावला. मग तिच्यानंच राहवलं नाही.

"हे चाक नाही भेटलं तं काय होईन तुयं?"

"होईन काय? पाडव्याले सालदारकी. पयले होती तेच."

बुढीचा हात थांबला. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आन इकडे ते फुटकं."

जगदेवनं चाक पुढं सरकवलं. धुरपताबाईनं डोळे मिटले. एक हात देवावर, एक हात फुटक्या चाकावर. तिची बोटं दाताच्या खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकत गेली, मधल्या भोकाच्या कडेवरून फिरली. शेंदूर चढायच्या आधी, देव नवा निघाला होता तेव्हा, तिनं तो किती वेळा धुतला-पुसला असेल! बोटांना सगळं आठवत होतं. जगदेव तिच्या बोटांकडे बघत राहिला. नागपूरच्या बाजारात कोणी त्याच्या चाकाला असं हात लावून पाहिलं नव्हतं.

"याचंच भावंड होय हे," ती डोळे न उघडता म्हणाली. "माहा मानूस सालदारकीतच मेला, बाबू. दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्याच्या नांगरामांगं. मी याले म्हनत होती, त्याले सोडव रे बाबा, एवढं एक कर. यानं नाही सोडवलं. आता तुले तरी सोडवू दे. काढ. तुयाच हातानं काढ."

आणि इथं गंमत पाहा. देव न मानणाऱ्या जगदेवनं आधी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. लहानपणी असल्या ओट्याच्या सावलीतही कोणी त्याला बसू दिलं नसतं, आणि आज ही बुढी देवच काढून ने म्हणत होती. त्यानं दोन्ही हातांनी देव उचलला, मांडीवर घेतला, कडेनं हळूहळू ठोकलं. उन्हानं मऊ पडलेली शेंदराची खोळ सुटली. पुढची बाजू अख्खीच्या अख्खी हातात आली, आतल्या बाजूला सगळ्या दातांचे ठसे उमटलेली.

आत लोखंड होतं. काळंनिळं, तुकतुकीत, कोरं. गंजाचा ठिपका नाही! इतक्या वर्षांचं ऊन आणि पाणी, आणि ठिपका नाही. जगदेवला रडू यायचंच बाकी राहिलं. लोखंड गंजू नये म्हणून त्याला शेंदूर अन् जवसाचं तेल चोपडतात, हे त्यानं अकोल्याच्या वर्कशॉपात पाहिलं होतं. बुढीनं ते कोणी न सांगता केलं होतं, दर शनिवारी, नवऱ्यासाठी मागणं मागत. त्यानं फुटकं चाक शेजारी ठेवलं. दात तेवढेच, भोक तेवढंच, भोकातल्या खाचाही त्याच.

धुरपताबाईनं रिकामी खोळ उचलली, ओट्यावर खोडाला टेकवली आणि पदरानं पुसली. "हे राहू दे लोकाईसाठी," ती म्हणाली. "तो तं चालला तुयासंगं."

पाडव्याच्या सकाळी शेषरावांच्या ओसरीत सालं ठरत होती, आणि जगदेव उकंडरावच्या वावरात ट्रॅक्टर घालून बसला होता. दुसऱ्या गिअरमध्ये यंत्र असं चाललं की उकंडराव शेताच्या धुऱ्यावरून ओरडला, "अबे, हळू! देव हाय त्यात!" तो अर्धी थट्टा करत होता. अर्धी करत नव्हता.

पुढच्या शनिवारी फाट्याजवळच्या एका शेतात काम निघालं. जगदेव नांगराचं तास घेऊन वळला तर बांधावर धुरपताबाई उभी, हातात तेलाची वाटी.

"कुठी बसवला त्याले?" तिनं विचारलं.

त्यानं इंजिन बंद केलं, तिला हात धरून वर घेतलं आणि गिअरपेटीचं झाकण उघडलं. ती वाकली. आत काळोखात चाकाला चाक लागून बसलेली, आणि तिचं चाक त्यांच्यात, अर्धं तेलात बुडालेलं, वरचे दात चकाकत.

"याले तेल कोन घालते?"

"मीच. पेटी कायम भरलेलीच ठेवा लागते, मावशी. हा तेलातच फिरते."

"रोज?"

"रोज."

"अवं माय," धुरपताबाई म्हणाली. "मी तं शनवारच्या शनवारी घालत होती." तिचे डोळे भरून आले. मग तिनं वाटी उचलली आणि जवसाचं तेल धारेनं त्या चाकावर सोडलं.

गिअरपेटीत दुसरं तेल पडू द्यायचं नसतं, हे जगदेवला पक्कं माहीत होतं. वाटी रिकामी होईस्तोवर तो झाकण धरून उभा राहिला.