ग्रेकाच्या नराची पिल्लं

सार्डिनियातल्या आमच्या गावात कासवं पुष्कळांच्या अंगणात असतात, पण त्या बाबतीत ग्रेकाचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान ती तसं सांगायची. ग्रेका शिवणकाम करणारी, लग्न न केलेली बाई. वडिलांनी आणलेला नर चाळीस वर्षं तिच्याकडे होता. त्याला ती जनरल म्हणायची. थंडीभर तो स्वतःला मातीत गाडून घेई. मार्चअखेर वर आला की आठवड्याभरात माद्यांच्या मागे लागे. कवचावर कवच आपटल्याची टक्‌टक्‌ शेजारी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

त्यातली रोझा नावाची मादी ग्रेकाने भावजयीला, बोनारियाला, देऊन टाकली. दरवर्षी अंडी घालायची, पण एकही फुटायचं नाही.

"वांझोटी आहे मेली. तुझ्याकडे शोभेला ठेव."

बोनारियाकडे नर नव्हता. अंगण मात्र उतारावरचं, कोरड्या मातीचं, दिवसभर उन्हातलं. पुढच्या जूनमध्ये रोझाने तिथे खड्डा केला आणि सप्टेंबरात अक्रोडाएवढी नऊ पिल्लं वर आली.

गल्ली लोटली बघायला. ग्रेका चौथ्या दिवशी आली, हाताची घडी घालून.

"वन्सं, बघा तरी किती गोड!"

"नर कुठून आणलास?"

"नर कुठला? आपोआप झाली."

"आपोआप गवत उगवतं, कासवं नाही! माझा जनरल पळवला होतास ना?"

बोनारिया हसली, तेच ग्रेकाला झोंबलं. तिने फाटकाला कुलूप लावलं. चर्चमध्ये भावजयीशेजारची जागा सोडली. पावाच्या दुकानात कुणी पिल्लांचं नाव काढलं की ती पाव न घेताच बाहेर पडे.

शेवटी गुरांच्या डॉक्टरने उलगडा केला. मादी नराचं बीज तीन-चार वर्षं पोटात राखून ठेवते, म्हणाला. ग्रेका तडक भावजयीकडे.

"ऐकलंस? माझ्या जनरलची पिल्लं आहेत ती!"

"बरं बाई. बाप तुमचा, आई माझी."

ऐकणारे खो खो हसले. ग्रेकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "रोझा परत दे," एवढंच ती म्हणाली. बोनारियाचे डोळे भरून आले, पण तिने रोझा दिली.

पुढच्या वसंतात जनरलने रोझाचे पाय चावून रक्त काढलं. जूनमध्ये तिने लिंबाखाली सात अंडी घातली. ग्रेका उन्हाळाभर शेजारी खुर्ची टाकून बसली आणि लिंबाला रोज पाणीही घालत राहिली. ऑक्टोबरात आम्ही दोघींनी माती उकरली. सातही अंडी कुजलेली.

"ओल लागली," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं ओलच लागत होती. कुणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही. त्यानंतरच्या मे महिन्यात, जनरलचं काम उरकल्यावर, तिने रोझाला टोपलीत घालून भावजयीच्या दारात नेलं.

"तो हिला फार चावतो. राहू दे तुझ्याकडे."

बोनारियाने सगळं ओळखलं असावं. "राहू दे की, वन्सं. पिल्लं झाली तर निम्मी तुमची."

"निम्मी? नर माझा आहे."

"आणि ऊन माझं."

सहा झाली. बोनारियाने स्वतः येऊन तीन दिली. ग्रेकाने तिला कॉफी पाजली, बदामाचे लाडू बांधून दिले, फाटकापर्यंत पोचवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? मोठी मोठी तिने ठेवून घेतली."