सहा टायर, सहा लिंबं

एकनाथ देवपुजारी गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो. देवळात लोक हात जोडून प्रदक्षिणा घालतात, हा हातात हवेचं प्रेशर मोजायचं गेज धरून घालतो. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहतो. माझा नवरा संजीव आणि तो एकाच चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिथं एकनाथ प्रोसेस इंजिनियर आहे, म्हणजे एखादा आकडा वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये राहतोय ना हे दिवसभर बघायचं, आणि नाही राहिला तर मीटिंग बोलवायची. घरी त्याच्या मीटिंगला कोणी येत नाही, म्हणून तो टायरांशी बोलतो. तो मूळचा नागपूरचा, मी पुण्याची. माझ्या सांगण्यात कुठं तिखट जास्त पडलं तर त्याचा दोष भूगोलाला द्यावा.

असल्या माणसानं मोटरहोम का घेतलं, हा प्रश्न आमच्या मराठी मंडळात दोन वर्षं चघळला गेला. चाकांवरचं तीस फुटी घर, आत पलंग, शेगडी आणि संडास. कोणी म्हणालं हौस, कोणी म्हणालं पन्नाशी जवळ आली की होतं असं. खरं कारण मला त्याच्या बायकोनं, शरयूनं सांगितलं.

२००४ साली एकनाथची आई, अहिल्याकाकू, पहिल्यांदा अमेरिकेला आल्या. एकनाथ त्यांना कारनं फ्लॅगस्टाफकडे घेऊन निघाला. चढावर पुढं कुठंतरी अपघात झाला आणि गाड्यांची रांग हलेना. काकूंना लघवीला लागली होती. मुलासमोर तसं म्हणणार कशा? म्हणाल्याच नाहीत. गाडी तशीच मागं घरी आली, तेव्हा काकू बराच वेळ सीटवरून उठेनात. "गुडघे आखडले रे," म्हणाल्या. त्या आत गेल्यावर एकनाथनं सीट पाहिली, पुसली, आणि तोही काही बोलला नाही. त्यानंतर कुठंही जायचं म्हटलं की काकूंचे गुडघे दुखायला लागायचे.

पुढच्याच महिन्यात मोटरहोम आलं. आई आणि मुलगा एक साधं वाक्य एकमेकांशी बोलू शकले नाहीत, म्हणून संडासासकट एक घर विकत घेण्यात आलं! मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग रडू.

काकूंना अमेरिकेत पाहायचं होतं ते एकच. त्यांचं माहेर मेहकरचं, लोणारच्या सरोवराजवळचं. आकाशातून दगड पडून झालेला तो लोणारचा खड्डा त्यांच्या माहेरचा मानबिंदू. तसाच एक खड्डा ॲरिझोनात आहे हे त्यांनी नातीच्या, चैत्रालीच्या, शाळेच्या पुस्तकात पाहिलं आणि त्या हट्टाला पेटल्या. "आमच्या लोणारपेक्षा मोठा आहे का, ते मला माझ्या डोळ्यानं पाहू दे," म्हणाल्या.

त्या वर्षी ते झालं नाही. आधीच एकनाथ, त्यात ॲरिझोनाचा उन्हाळा. त्यानं आधी चाचणीसाठी म्हणून मोटरहोम एकट्यानं भर दुपारी हायवेवर नेलं. थांबून गेज लावलं तर प्रत्येक टायरचं प्रेशर वरच्या रेषेच्या बाहेर. टायर धावला की तापतो, तापला की आतली हवा फुगते, हे शाळेतलं पोर सांगेल. पण आकडा रेषेबाहेर गेलेला बघून एकनाथच्या हाताला चैन पडेना. त्यानं सहाही टायरांची हवा थोडी थोडी सोडून आकडा जागेवर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरांना गेज लावलं, तर सगळे खालच्या रेषेच्याही खाली. यावरून टायरांवर भरवसा ठेवता येत नाही असा निष्कर्ष काढून त्यानं ट्रिप कॅन्सल केली. काकूंचे सहा महिने संपले आणि त्या नागपूरला परत गेल्या.

आमच्या वसाहतीत असलं धूड दारात ठेवू देत नाहीत, त्यामुळे मोटरहोम गावाबाहेरच्या एका उघड्या आवारात उभं राहिलं. एकनाथ दर रविवारी तिकडं जायचा. टायरांना उन्हापासून पांढरी झाकणं घालायचा, गेज लावायचा, नक्षीची, म्हणजे ट्रेडची, खोली मोजायचा. "वसुधा, ट्रेड बघ, यार! एकदम नवीन!" असं मला फोटो दाखवून सांगायचा. लोक मुलांचे फोटो दाखवतात. गाडी त्यानं सन सिटीतल्या एका निवृत्त जोडप्याकडून घेतली होती. ते म्हणाले होते, टायर नवेच आहेत, फार चालवलीच नाही. चालवली नव्हती हे खरं होतं.

२००६ च्या शरद ऋतूत काकू पुन्हा आल्या. पंच्याहत्तरी पूर्ण झालेली, चाल मंदावलेली. आल्या त्या दिवशीच म्हणाल्या, "आता पुन्हा काही येणं होत नाही, बाप्पा. यंदा खड्डा दाखव." एकनाथ हो म्हणाला आणि अभ्यासाला बसला. अभ्यास इतका खोल गेला की काकूंची परतीची तारीख आठवड्यावर आली. तेव्हा शरयूनं सांगून टाकलं, या शनिवारी निघायचं, नाहीतर मोटरहोम विकायचं.

अभ्यास वाया गेला नव्हता, हे मात्र मी मान्य करते. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा तो टायर जास्तीत जास्त किती भार घेईल आणि त्यासाठी किती हवा लागेल याचा असतो, आपल्या गाडीला किती हवा हवी याचा नसतो, हे त्याला कळलं होतं. त्यासाठी सगळी माणसं, सगळं सामान आणि पाण्याची भरलेली टाकी घेऊन गाडी काट्यावर न्यायची, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं घ्यायचं, मग टायर कंपनीच्या तक्त्यात बघायचं. म्हणून गुरुवारी आम्ही सगळे ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या काट्यावर वजन करून घ्यायला गेलो. मीसुद्धा, कारण मी ट्रिपला येणार होते. कुकर, दहा किलोची कणीक, काकूंचं सहाणखोड, सगळं आपापल्या जागी. कोणी हलायचं नाही अशी एकनाथची ताकीद होती.

"माझी तुला करतोय का रे?" काकूंनी विचारलं. "पंच्याहत्तरीला गुळानं करतात. दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंस?"

"आई, प्लीज. रीडिंग घेतोय."

पुढच्या टायरांना पासष्ट, मागच्यांना पंच्याहत्तर असं उत्तर निघालं. एकनाथच्या चेहऱ्यावर मुलगी पहिली आल्याचा आनंद होता. एका रात्रीची परवानगी काढून शुक्रवारी मोटरहोम दारात आणलं. शनिवारी सकाळी उन्हं यायच्या आत, टायर गार असताना, त्यानं सगळी हवा बरोबर भरली. मी चकल्यांचा डबा घेऊन पोचले तर म्हणाला, "वसुधा, हे वजन करताना नव्हतं." मी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मग तू उतर.

नारळ फुटला. काकूंनी शरयूला चाकांखाली लिंबं ठेवायला सांगितलं. शरयूनं चार आणली होती, गाडीला चार लागतात या हिशेबानं. पण मोटरहोमला मागं जोडचाकं असतात, दोन बाहेर, दोन आत. काकू वाकून बघत म्हणाल्या, "आतल्या चाकांनी काय पाप केलं? त्यांना काहून नाही?"

मी घरून आणखी दोन लिंबं आणली. आतल्या चाकांपर्यंत हात पोचेना, म्हणून एकनाथ नवा शर्ट घालून गाडीखाली शिरला. लिंबू ठेवलं. मग बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत राहिले.

"एकनाथ?" शरयू म्हणाली.

"टॉर्च दे."

टायर कधी बनला ते टायरवर छापलेलं असतं, पण पुष्कळदा एकाच अंगाला. बसवणाऱ्यानं ते अंग नेमकं आत घातलं होतं. बाहेरून दोन वर्षं झाकणं, फोटो आणि मोजमापं चालली होती, आणि आतल्या अंगाला बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. तारखेचे आकडे होते तीनच. दोन हजार सालापासून ते चार असतात. म्हणजे टायर गेल्या शतकातले! शरयूनं लॅपटॉप उघडून कंपनीचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. उभ्या गाडीचे लवकर जातात. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांत बदलावेत, मधे भेगा दिसल्या तर लगेच. एकनाथ सिमेंटवर मांडी घालून ऐकत होता. अचूक हवा भरली होती त्यानं, म्हाताऱ्या टायरांत.

दुकानाला फोन झाला. त्या मापाचे सहा टायर बुधवारशिवाय मिळणार नव्हते. बुधवारीच काकूंचं विमान होतं.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या. "खड्डाच तर आहे." आणि त्या घराकडे वळल्या. त्यांची पाठ बघून मला संताप आला, टायरांचा, एकनाथचा, सगळ्या जगाचा.

"माझी व्हॅन आहे," मी म्हटलं. "बसा सगळे. मी ड्राइव्ह करते."

"नको गं वसुधा. माझे गुडघे..."

 मोटरहोम कशासाठी घेतलं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे काकूंनाही ठाऊक होतं. एकनाथ उठला. सवयीनं माझ्या व्हॅनपाशी जाऊन वाकला आणि टायरला गेज लावलं.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "थांबत थांबत जाऊ. मला हल्ली सारखी लघवीला लागते. दर अर्ध्या तासाला जावं लागतं."

काकू थांबल्या. "तुला पण?"

"हो."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवीन."

काकू व्हॅनमध्ये पुढं जाऊन बसल्या आणि पट्टा लावायला लागल्या. इकडं माझ्या चार टायरांची चार वेगवेगळी प्रेशरं निघाली होती. एकनाथनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. पंप आणला, हवा भरली. तारखा वाचल्या, या खेपेला आतल्या अंगानंही. मग उठून हात झटकत म्हणाला, "चालेल." हा शब्द मी त्याच्या तोंडून तोवर कधी ऐकला नव्हता.

मोटरहोमचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. वरातीमागून घोडं यावं तसे बुधवारी टायर आले, बसले आणि वसंतात ते टायरांसकट विकलं गेलं. घेणाऱ्याला एकनाथनं टायरांवर तासभर व्याख्यान दिलं. माणूस सभ्य असावा.

फिनिक्स ओलांडतोय तोच काकू म्हणाल्या, "एकनाथ, तुला जायचं असेल ना?"

"हो, जायचंय की."

मी हायवे सोडून गाडी एका पेट्रोल पंपावर नेली. दोघं आत गेले, बाहेर आले. मग सनसेट पॉइंट नावाच्या थांब्यावर. मग पुढं जिथं रेस्टरूमची पाटी दिसेल तिथं. एकनाथ बिचारा दर वेळी आत जायचा, लागो न लागो. तिसऱ्या-चौथ्या थांब्यानंतर काकूंनी मुलाचं निमित्त सोडून दिलं आणि सरळ म्हणाल्या, "वसुधा, थांबव गं. मला लागलीय." मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर एकनाथ खिडकीकडे तोंड करून शर्टच्या बाहीनं डोळे पुसत होता. बाहीला अजून गाडीखालची माती होती.

खड्ड्यापाशी पोचायला दुपार उलटली. कठड्याला धरून काकूंनी तो सावकाश पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा सुटला होता. पदर धरून त्या हसल्या.

"एवढाच?" म्हणाल्या. "आमचा लोणारचा मोठा आहे. आणि त्यात पाणी आहे."

"लोणारला तू सारखी जायचीस का गं आई?" एकनाथनं विचारलं.

"लग्नानंतर एकदाच गेले. तुझे बाबा दर वर्षी चल म्हणायचे." काकू खड्ड्याकडेच बघत होत्या. "तिथं बायकांची सोय नव्हती रे. त्यांना कसं सांगणार? मी म्हणायचे, डोकं दुखतंय."

एकनाथ खिशातलं गेज हातात घेऊन उगाच चाळवत राहिला. मग त्यानं ते खिशात टाकलं आणि हात पुढं केला.

"जाऊन यायचं का, आई?"

"चल," काकू म्हणाल्या, आणि त्याचा हात धरून रेस्टरूमच्या पाटीकडे निघाल्या.